पाढ्यांच्या ॲपची फी कुणी भरायची?

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची बरीच मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट बेळगावकडे. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारावर आजीआजोबांपाशी मागे राहतात. जी जातात, त्यांची शाळा मार्च-एप्रिलपर्यंत सुटलेली असते. फडावर पुस्तक टिकत नाही. मोबाइल मात्र प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, एक तरी असतोच.

म्हणून मी पाढ्यांचं ॲप बनवलं. बे ते तीस, आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. इंटरनेट लागत नाही, जाहिरात नाही, खातं काढावं लागत नाही. आवाज माझ्या बायकोचा, तीही शिक्षिका आहे. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आणली, तेव्हापासून काही मुलं ‘सत्त्याहत्तर’ म्हणतात आणि काही ‘सत्तर सात’. ॲपमध्ये दोन्ही ठेवलं आहे. पावकी-निमकी कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मुकादमाच्या वहीत टनांचे आकडे अर्ध्या-पावात असतात. चौथीतल्या पोरीला सव्वासात टनांचे किती होतात ते तोंडी सांगता आलं, तर वहीवर अंगठा उठवण्याआधी तिच्या बापाला खरा आकडा कळतो. मला हे शिक्षण फार मोलाचं वाटतं.

ॲप तयार करणं तुलनेनं सोपं होतं. तंत्रस्नेही शिक्षकांच्या प्रशिक्षणात कुतूहल लागलं, पुढचं यूट्यूबवर शिकलो आणि फ्लटर हाती आलं, म्हणजे एकाच कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवायचं साधन. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली: हे ॲप लोकांच्या फोनपर्यंत न्यायचं कसं, आणि त्यासाठी पैसे कुणी, किती आणि किती वेळा भरायचे.

सुरुवातीला एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड ॲप थेट फोनवर टाकायची फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवायचो. कितीतरी शिक्षकांची ॲप्स महाराष्ट्रात अशीच फिरली आहेत. फाइल उघडायची, ‘अज्ञात स्रोत’ला परवानगी द्यायची, प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या सुरक्षा तपासणीचा इशारा आला तर त्यालाही ‘तरीही इन्स्टॉल करा’ म्हणायचं. मी पालकांना हे हाताला धरून शिकवत होतो. मग लग्नपत्रिकेच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या पावतीच्या नावाने एपीके फिरायला लागल्या आणि लोकांची खाती रिकामी व्हायला लागली. पोलीस सांगायला लागले, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नका. पोलीस बरोबर होते. एका पालकाने मला सरळ विचारलं, “गुरुजी, तुमची फाइल उघडायची आणि दुसऱ्याची नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?” त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अनोळखी फाइल उघडायची सवय मीच त्यांना लावणं योग्य नव्हतं. त्या दिवसापासून एपीके पाठवणं बंद केलं आणि प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्याची, म्हणजे तिथे ॲप ठेवायला बनवणाऱ्याला लागणाऱ्या खात्याची, माहिती काढायला बसलो.

गूगलची नोंदणी फी 25 डॉलर आहे, एकदाच. 2008 मध्ये अँड्रॉइड मार्केट (प्ले स्टोअरचं जुनं नाव) सुरू झालं तेव्हापासून आकडा तोच. मी 2025 च्या उन्हाळ्यात भरली तेव्हा चलनबदलाचा आकार धरून सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास गेले. पगारदार माणसाला ही रक्कम जड नाही. पण आमच्या गावात मोजायचं माप वेगळं आहे. जानेवारी 2024 च्या करारानंतर ऊसतोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. म्हणजे ही फी सहा टन उसाची तोड. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोला, दिवसभरात दीड-दोन टन होतात. तीन-चार दिवसांची दोघांची मजुरी. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण उद्या ॲप बनवणारी मुलं याच घरांतून यावीत असं मला वाटतं.

रकमेपेक्षा ती भरण्याचा मार्ग जास्त अवघड निघाला. फी डॉलरमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रापुरतंच चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करून घ्यायचे. नियम चांगला आहे, त्याने फसवणूक कमी होते. पण माझ्या पगाराच्या खात्यावर जे डेबिट कार्ड होतं, त्यावर परदेशी व्यवहार चालूच होत नव्हते. शाखेत विचारलं तर दुसऱ्या प्रकारचं कार्ड मागवा म्हणाले. ते यायला वेळ लागला. आगाऊ पैसे भरलेली प्रीपेड कार्डं तिथे चालत नाहीत, आणि दुसऱ्याच्या कार्डावरून भरलं तर नावाच्या पडताळणीत अडकायची भीती. यूपीआयने चहाचे दहा रुपये देणाऱ्या देशात हे पंचवीस डॉलर भरायला माणसाने कार्ड शोधत फिरावं, हे बदलायला हवं.

खातं व्यक्तीच्या नावाने काढायचं की संस्थेच्या, हा पुढचा प्रश्न. संस्थेला डन्स क्रमांक, म्हणजे संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. तो मोफत मिळतो, पण त्यासाठी संस्थेची कायदेशीर कागदपत्रं लागतात आणि दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा अशी स्वतंत्र संस्था नसते. केंद्रप्रमुखांशी बोललो. शिक्षण विभागाच्या नावाने खातं काढायचं तर परवानगी जिल्ह्यापर्यंत जाईल, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग माझ्याच नावाने काढलं. ओळखपत्र, फोनवर ओटीपी, आणि माझ्याकडे खरा अँड्रॉइड फोन आहे हे त्यांच्या ॲपमधून दाखवून देणं. कुणी ही वाट धरणार असेल तर एक सांगतो: आधार, पॅन आणि कार्ड या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते फी भरायच्या आधी बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं.

इथवर आलो आणि खरा नियम समोर आला. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ‘क्लोज्ड टेस्टिंग’, म्हणजे निवडक माणसांकडून चाचणी, करावं लागतं. आधी 20 परीक्षक लागायचे, डिसेंबर 2024 पासून 12. त्यांनी सलग 14 दिवस चाचणीत नोंदलेलं राहायचं. मधून कुणी बाहेर पडलं की मोजणी बिघडते.

बारा माणसं म्हणजे काय मोठं, असं वाटेल. मी पालकांकडे गेलो. त्यांच्या फोनवर जीमेल होतं, पण तो पत्ता कोणता ते बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. फोन घेताना मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेला. पासवर्डही त्यालाच माहीत. एका आईच्या फोनवर तर दुकानदाराच्याच पुतण्याचं खातं निघालं. ते आम्ही काढलं, तिच्या नावाने नवीन काढलं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे समजावलं. ॲपचं काम बाजूला राहिलं आणि आठवडाभर मी शाळा सुटल्यावर लोकांची जीमेल खाती सरळ करत बसलो. त्या कामाचं मला आजही समाधान आहे. शेवटी काही पालक, काही सहकारी शिक्षक आणि पुण्यात नोकरीला असलेले दोन माजी विद्यार्थी अशी मंडळी जमली. कुणी गळलंच तर अडायला नको म्हणून मी बारापेक्षा जास्तच नावं घेतली.

या चाचणीला बाजारात पैसे घेऊन परीक्षक पुरवणारे लोक आहेत. ‘बारा परीक्षक, चौदा दिवस, हमखास’ अशा जाहिराती मलाही आल्या. मी त्या वाटेला गेलो नाही आणि कुणी जाऊ नये असं कळकळीने सांगतो, कारण खऱ्या माणसांनी जे सांगितलं ते पैसे देऊन मिळालं नसतं. दोन जीबी रॅमच्या फोनवर आवाज उशिरा येत होता. पोरगं ‘पाच दाही पन्नास’ म्हणून मोकळं व्हायचं तेव्हा फोन ‘पाच नव्वे’ वर असायचा. ‘पुढे’चं बटण खाली कोपऱ्यात होतं आणि तिथे फोनची काच फुटलेली असली की लागायचंच नाही. फुटलेल्या काचा आमच्याकडे अपवाद नाहीत. पांढरी पार्श्वभूमी उन्हात दिसत नव्हती. एका सहकारी बाईंनी सांगितलं की चुकीच्या उत्तराला मी लावलेला आवाज ऐकून तिसरीतला मुलगा दचकतो. तो काढून तिथे बायकोचा ‘परत म्हणू या’ असा आवाज घातला. चौदा दिवसांत ॲप वेगळंच झालं. ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा, म्हणजे ‘प्रॉडक्शन’चा, अर्ज करताना परीक्षक कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, असे प्रश्न असतात. मला लिहायला भरपूर होतं.

त्यातच मुलांसाठीचं ॲप म्हटल्यावर वयोगट जाहीर करायचा, मुलांसाठीची वेगळी धोरणं पाळायची, कोणती माहिती गोळा करता ते लिहायचं. मी काहीच गोळा करत नाही, तरी गोपनीयता धोरणाचं पान लागतंच. ते मी मराठीतही लिहिलं, चार ओळींत, पालकाला वाचून दाखवता येईल असं.

ॲप प्ले स्टोअरवर आलं. ज्यांनी मला ‘कसं ओळखायचं’ म्हणून विचारलं होतं, त्या पालकांनी स्वतःच्या हाताने, कुठलाही इशारा न येता ते उतरवून घेतलं.

आता फीचा मुद्दा. तिचं समर्थन नेहमी असं करतात की पैसे घेतल्याने भुरटे लोक बाहेर राहतात. हे मला फारसं पटत नाही. गूगलने स्वतः जाहीर केलेल्या माहितीनुसार एकट्या 2024 मध्ये धोरणं मोडणारी 23.6 लाख ॲप्स प्रसिद्ध होण्याआधी अडवली गेली आणि 1.58 लाखांहून जास्त डेव्हलपर खाती बंद केली गेली. लोकांची खाती लुटणाऱ्याला पंचवीस डॉलर म्हणजे काहीच नाही. माझ्या अनुभवात चाळणीचं काम केलं ते ओळखपत्राने आणि त्या चौदा दिवसांनी. फीचं काम फार तर एवढंच, की माणूस गंमत म्हणून खातं काढून सोडून देत नाही. तेवढ्यासाठी एकदाच घेतलेली रक्कम मी मान्य करतो. मी ती भरली, आणि बदल्यात माझं ॲप कितीही जणांनी कितीही वर्षं उतरवलं तरी मला बिल येत नाही. साठवण, वितरण, अपडेट सगळं त्यात आलं. हा सौदा ॲप बनवणाऱ्याच्या बाजूचा आहे.

मग आयफोनची मागणी आली. आमच्या भागातला एक मुलगा इंग्लंडमध्ये नोकरी करतो, त्याच्या मुलीला मराठी पाढे हवे होते. त्याच्या ओळखीतल्या आणखी काही मराठी आईबापांनाही. कोड फ्लटरचा असल्याने बराचसा तयारच होता. आयफोनचं ॲप तयार करायला मॅक, म्हणजे ॲपलचा संगणक, लागतो; तो पुण्यातल्या माजी विद्यार्थ्याकडे होता, त्याच्यामुळे मला नवा घ्यावा लागला नाही; सगळ्यात स्वस्त नवा मॅक मिनीसुद्धा 59,900 रुपयांपासून सुरू होता. त्याच्याच आयफोनवर ॲप टाकून पाहिलं, सुरेख चाललं. पण ॲपलची पैसे भरलेली सदस्यता नसेल तर असं टाकलेलं ॲप सात दिवसांनी उघडेनासं होतं. स्वतः शिकायला तेवढं पुरतं. इंग्लंडमधल्या मुलीला द्यायला पुरत नाही.

ॲपल डेव्हलपर प्रोग्रामची फी 99 डॉलर आहे, दरवर्षी. जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर 500 ॲप्सनिशी उघडलं, तेव्हाही हाच आकडा होता. त्यात बरंच काही मिळतं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणी सेवेवर दहा हजारांपर्यंत बाहेरचे परीक्षक घेता येतात, वर्षाला दोनदा ॲपलच्या अभियंत्याला कोडचा प्रश्न विचारता येतो, प्रत्येक ॲप तपासलं जातं. ज्याचं ॲप पैसे मिळवतं त्याला ही फी किरकोळ खर्च आहे. त्याची खरी काळजी स्टोअर कमाईतून कापतं त्या कमिशनची असते. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्यांना ॲपलने जानेवारी 2021 पासून आणि गूगलने जुलै 2021 पासून ते 30 वरून 15 टक्क्यांवर आणलं, त्याचा अशांना नक्कीच फायदा झाला.

पण माझ्यासारख्याचं काय? सदस्यतेचं नूतनीकरण केलं नाही तर ॲप स्टोअरवरून खाली उतरतं. ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांचं चालू राहतं, नव्या माणसाला मिळत नाही. म्हणजे फुकट दिलेली वस्तू बाजारात नुसती ठेवण्यासाठी मी दरवर्षी साडेआठ-नऊ हजार रुपये भरत राहायचं. आठवडी बाजारात विकणाऱ्याकडून जागेची पावती फाडतात ते बरोबरच आहे, पण पाणपोईवाल्याकडून कुणी पावती मागत नाही. माझी बदली झाली, मी आजारी पडलो, निवृत्त झालो किंवा उद्या मी नसलो, तरी प्ले स्टोअरवरचे पाढे फीच्या कारणाने हलणार नाहीत. ॲप स्टोअरवरचे हलतील. फी लहान की मोठी यापेक्षा मला हा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. जे काम कमावत नाही, ते वार्षिक फीखाली बनवणाऱ्याच्या खिशाएवढंच जगतं. बोलीभाषांचे कोश, गावाच्या इतिहासाची ॲप्स, अंधांसाठीची छोटी साधनं, अशी कामं एकटी माणसंच करतात, आणि ती माणसं थकली की कामंही दिसेनाशी होतात.

ॲपल ना-नफा संस्था, शिक्षणसंस्था आणि सरकारी खात्यांना फी माफ करतं, पण काही मोजक्या देशांत आणि फक्त मोफत ॲप्ससाठी. ही माफी संस्थेला आहे, व्यक्तीला नाही. मी व्यक्ती आहे. चांगली मोफत साधनं बनवणारे बहुतेक लोक व्यक्तीच असतात.

मी 99 डॉलर भरले नाहीत. घरात चर्चा झाली, बायको म्हणाली भरू या. पण पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी भरणार का, याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हतं. मुलांच्या हातात देऊन मग काढून घेणं मला करायचं नव्हतं. त्याऐवजी तेच पाढे वेबवर ठेवले. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये पान उघडून ‘होम स्क्रीनवर जोडा’ केलं की ॲपसारखं चिन्ह येतं, आणि 2018 मधल्या आयओएस 11.3 पासून अशी पानं इंटरनेटशिवायही चालवता येतात. ठेवायला गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर मोफत जागा मिळते. पहिला आयफोन आला त्या 2007 च्या उन्हाळ्यात स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या लोकांना हीच वाट सांगितली होती, वेबवर ॲप्स बनवा म्हणून. ॲप स्टोअर वर्षभराने आलं. आवाज पहिल्यांदा वाजवायला एकदा बोट लावावं लागतं, एवढी उणीव सोडली तर इंग्लंडमधली मुलगी पाऊणकीपर्यंत पोहोचली आहे.

फी न घेणाऱ्या जागाही आहेत. एफ-ड्रॉइड हे स्टोअर 2010 पासून मुक्त स्रोत ॲप्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता येतो अशी, विनामूल्य ठेवतं. पण ते स्वतःच प्ले स्टोअरवर मिळत नाही, बाहेरून उतरवावं लागतं, म्हणजे पालकांना पुन्हा ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी द्यायला सांगायची. ते मी करणार नाही. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी 2024 मध्ये मराठीसह बारा भारतीय भाषांत आलं आणि सुरुवातीला 1 एप्रिल 2025 पर्यंत नोंदणी मोफत ठेवली. अशी आणखी दारं उघडायला हवीत. मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये वैयक्तिक डेव्हलपरची नोंदणी फी काढूनच टाकली. गूगलनेही ऑगस्ट 2025 मध्ये स्टोअरबाहेरच्या ॲप्ससाठी ओळख पडताळणीची योजना जाहीर करताना विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी विनाशुल्क मर्यादित खात्याचं सांगितलं. म्हणजे फीशिवाय ओळख तपासता येते, हे मोठ्या कंपन्याही मानतात. मग एवढंच मागणं आहे: ज्या ॲपमध्ये जाहिरात नाही, विक्री नाही, माहितीची गोळाबेरीज नाही, त्याच्या बनवणाऱ्याची ओळख कडक तपासा, एकदाची फी हवी तर घ्या, पण वार्षिक फी माफ करा, मग तो माणूस संस्था असो वा नसो.

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी अंबाजोगाईला बीसीएस करते. आईबाप अजून तोडीला जातात. मजुरीचा हिशेब ठेवणारं ॲप बनवायचं तिच्या मनात आहे: उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) किती, टन किती, फिटली किती. तिने विचारलं, “सर, आधी खातं काढू का?” मी तिला सांगितलं, आधी ॲप बनव, आईच्या फोनवर महिनाभर चालव, बारा माणसं जमव. पंचवीस डॉलर त्यानंतर, आणि ते आम्ही चार शिक्षक मिळून भरू. खातं मात्र तिच्याच नावाने निघेल. आयफोनच्या वार्षिक सदस्यतेचं मनातही आणू नकोस, तुझे वापरणारे तिथे नाहीत.

तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुणी सांगितली नव्हती. एकदाच फी भरली तरी काम एकदाच संपत नाही. दरवर्षी 31 ऑगस्टच्या आसपास गूगल ‘टार्गेट एपीआय’ची पातळी, म्हणजे ॲप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बनलेलं असावं ती अट, वाढवतं, आणि फार मागे राहिलेलं ॲप नव्या फोनवाल्यांना स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, दोन-चार संध्याकाळी लागतात. त्या मी उन्हाळी सुट्टीत राखून ठेवतो, म्हणजे दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, सगळ्यांच्या फोनवर नवं ॲप गेलेलं असतं. यंदा त्यात औटकी, म्हणजे साडेतीनचे पाढे, घालायची आहे.